कालच्याएवढीच भेग

गुरुजी,

आज सकाळी प्रार्थनेआधी मी चौथीच्या वर्गाच्या भिंतीतल्या भेगेत बोट घालून पाहिलं. पेरभर आत गेलं. आत गार होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ती पेन्सिलीच्या रेघेएवढी होती. रोज सकाळी मोबाइलवर तिचा फोटो काढायचा आणि कालच्याशी ताडून बघायचा, अशी सवय लागली. भूकंपापासून किल्लारीच्या या बाजूला जमीन गुरगुरली की माणूस चहाआधी भिंत बघतो. आमचा शिपाई माझ्या खांद्यावरून डोकावायचा. "कालच्याएवढीच हाय की सर. लई इचार करायलाव तुम्ही." खरंच तेवढीच असायची. मी मनात देवाला हात जोडायचो आणि घंटा द्यायला सांगायचो. मुलं त्याच भिंतीला पाठ टेकून पाढे म्हणायची.

काल फोटो मागे मागे सरकवत पहिल्यापर्यंत पोचलो, आणि तिथून एकदम शेवटच्यावर आलो. तेव्हा तुमची ज्वारीची धाटं आठवली.

आम्ही तुमच्या वर्गात बसलोय, तुम्ही टेबलावर तीन धाटं मांडली आहेत. पहिलं दुसऱ्याएवढं, दुसरं तिसऱ्याएवढं, म्हणून पहिलं तिसऱ्याएवढं. याला संक्रामक संबंध म्हणतात, असं सांगता. मग रांगेतल्या प्रत्येकाला पुढच्याच्या धाटाएवढं धाट नुसत्या नजरेनं तोडायला लावता. शेवटचं धाट पहिल्याला लावलं तर वीतभर आखूड. आम्ही हसतो. तुम्ही हसत नाही. "मापानं सारखं असलेलं पुढं पोचतं रे. डोळ्याला सारखं वाटलेलं पोचत न्हाई."

काल संध्याकाळी सरपंचांना ते दोन फोटो दाखवले, उद्यापासून वर्ग बाहेर बसवतो म्हणालो. ते म्हणाले, "जुनं सोडा सर. परवाच्यात न् आजच्यात काय फरक पडला, ते दाखवा." मला दाखवता येईना. "न्हाई ना? मग पोरं उन्हात बसवताव कशाला? गाव हसंल तुम्हाला."

रात्रभर तुमचं शेवटचं आखूड धाट डोळ्यापुढं होतं. आज बोट बाहेर काढलं, मुलांची दप्तरं बाहेर आणवली, वर्ग लिंबाखाली बसवला आणि खोलीला कुलूप घातलं. दिवसभर येणारे-जाणारे थांबून बघत होते, आणि भिंत उभी होती.

तुम्ही आता नाही, हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच लिहितो. आता देवापुढे दिवा लावताना मनात आलं, ती भिंत पडावी एकदाची. खोलीची किल्ली खिशात आहे. ती मी कुणाला देणार नाही.