दत्तूच्या नावाचा धोंडा

८ ऑगस्ट १९९९, घोटी
आलो एकदाचा. बापानं सिन्नरहून हाकललं. प्रेमानंच तसं, पायताण हातात घेऊन. गुन्हा एवढाच की शिर्डीच्या आणि ठाणगावच्या जीपच्या पाट्या मी अदलाबदल केल्या. त्यात आमचीच आक्काबाई आत्या साईबाबाला निघालेली आणि ठाणगावला उतरली, हे मला काय माहीत? दहावीला दोनदा गटांगळी खाल्लेल्याला कोण ठेवणार, तर मावशीनं ठेवलं. तिच्या मालकांचा, वाल्मीक काकांचा, इथं फोटो स्टुडिओ हाय. ही डायरी तिनंच दिली, खताच्या दुकानाची, दोन वर्षं जुनी. काका म्हणले, फोटो काढशील तिथं वेळ, उजेड, शटर जागेवरच हिच्यात लिहायचं. नंतर लिहिलं ते खोटं. मज्जा येणार इथं.

९ ऑगस्ट
काकांना नाशिकच्या निसर्ग-फोटोच्या स्पर्धेत धबधबा पाठवायचाय. पाच वर्षं हरतायत. आता गुडघा धरलाय म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात. तीन पायांच्या स्टँडवर ठेवून शटर एक सेकंद उघडं ठेवलं की पाणी पिंजलेल्या कापसासारखं येतं, आणि जे हललं ते पुसलं जातं. मावशीच्या कोंबडीवर करून बघितलं. कोंबडी गायब, नुसता धूर!
दुपारी एक जण आला. दत्तू झिपरू गभाले, माझ्याच वयाचा, डोंगराकडच्या वाडीतला. पोलीस भरतीच्या फॉर्मला फोटो पाहिजे होता. मी काकांच्या मागं उभं राहून काकांसारखंच तोंड केलं. तिन्ही फोटोंत त्याचे बत्तीस दात. काकांनी दोघांना एकाच दमात शिव्या घातल्या, तिथंच दोस्ती झाली. दत्त्या म्हणला, चल, उंबरदऱ्याचा धबधबा दाखवतो. तिकडं अजून कोणी कॅमेरा नेला नाय.

११ ऑगस्ट
वाडीच्या पुढं भातखाचरं, मग काळा कातळ, आणि कातळाच्या काठावरून खाली घळ. काठावर थांबायचं. वाडीची रीत हाय: घळीत उतरणाऱ्यानं आपलं नाव घेऊन तिथं एक धोंडा ठेवायचा, वर आल्यावर उचलून मागं टाकायचा. म्हणजे पाण्याला कळतं की याची वर कोणीतरी वाट बघतंय.
दत्त्याच्या पायात काटा मोडलेला, तो वरच बसला. मी धोंडा ठेवला, नाव सांगितलं, वर ‘मुक्काम पोस्ट सिन्नर, पिनकोड पाठ नाय’ असंपण सांगितलं. दत्त्या काटा काढत खाली मान घालून बसलेला. तेवढ्यात दुसरा ठेवला. दत्तू झिपरू गभाले, हजर सर!
खाली गेलो. शंभर हात उंचावरून पाणी पडतंय आणि खाली काळाभोर डोह. ११.४०, ढग, शटर एक सेकंद. बारा फोटो. वर येऊन माझा धोंडा फेकला. दत्त्याचा तसाच राहू दिला.
परत येताना चहाच्या टपरीवर त्याला सांगितलं, हसंल म्हणून. हसला नाय. म्हणला, गोऱ्या, जो उतरला नाय त्याच्या नावाचा ठेवत नसतेत. मग पाणी त्याला हुडकायला लागतं. जीप सुटायला आली होती. मी म्हणलो, उद्या उचलतो की, रडू नको.

१२ ऑगस्ट
सकाळी रोल धुतला. बाराच्या बारा फोटोंत डोहाच्या कडेला माणूस.
पाणी कापूस झालंय, पानं पुसली गेलीत, तो मात्र खिळा ठोकल्यासारखा स्पष्ट. चौकड्यांचा शर्ट. दत्त्या. पण दत्त्या वर होता. मी खालून त्याला शिट्ट्या मारल्या, त्यानं वरून शेलकी शिवी दिली.
काका म्हणले, फोटोवर फोटो चढला असंल. बाराच्या बारा? काका गुडघा चोळत बसले.

१३ ऑगस्ट
वाडीत गेलो. दत्त्या झोपून. अंग बर्फ, कानातून पाणी. पुसलं की परत येतं. त्याच्या आईनं, चिमणाबाईनं, फोटो बघितला आणि आधी मला एक ठेवून दिली. मग सांगितलं. ठेवलाय त्यानंच धोंडा उचलायचा, आणि तोपण ज्याच्या नावाचा तो माणूस वर आल्यावरच. खाली असताना उचलला तर वर त्याचं कोणी राहत नाय. मी म्हणलो, मावशी, हा काय तुमच्यासमोर पडलाय, खाली कुठंय? ती म्हणली, निम्मा.
मी दत्त्याला म्हणलो, ऊठ, दाखवतो तुझ्या आईला. दारात मायलेकाचा फोटो काढला. दत्त्या हसायला बघत होता.

१४ ऑगस्ट
फोटोत चिमणाबाई एकटी. हात कोणाच्या तरी खांद्यावर टाकल्यासारखा हवेत.
दुपारी परत घळीत. माझा धोंडा ठेवला, उतरलो, दोन फोटो काढले, वर येऊन धोंडा फेकला. डोळ्याला तिथं कोणीच दिसलं नाय. आत्ता धुतले. दत्त्या कमरेएवढ्या पाण्यात.
मस्करी माझी होती. माझी! त्यानं काय केलंय?

१५ ऑगस्ट
शाळेत झेंडा, जिलेबी. मी वाडीत.
चिमणाबाई पहाटेपासून दारातच बसलेली. दुसरं दार नाय घराला. दत्त्या बाहेर गेला नाय. आत गोधडी, गोधडीत माणसाएवढी ओल, आणि—
नाय लिहीत.
ती रडली पण नाय. माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणलो, आणतो.

१६ ऑगस्ट, सकाळ
काका नको म्हणले. मावशीनं कॅमेरा लपवला, मी शोधला. बापाला निरोप धाडू म्हणले. धाडा. बापाच्या पायताणाला भिलो नाय, पाण्याला भिऊ?

९.३०, ढग
माझा धोंडा ठेवला. दत्त्याच्या शेजारी. नीट नाव घेऊन, मस्करी नाय. चिमणाबाई धोंड्यांपाशी राखण बसलीय. तिला सांगितलं, दोघं आल्याशिवाय उठायचं नाय.

१०.०५
डोहाच्या कडेला. आता नुसत्या डोळ्यालापण दिसतोय. छातीएवढ्या पाण्यात. तोंड धबधब्याकडं. हाका मारतोय, वळत नाय.
पाणी माझं नाव घ्यायला लागलंय. पूर्ण, बापाच्या नावासकट. घे. सिन्नरच्या स्टँडवर कंडक्टर यापेक्षा मोठ्यानं ओरडतेत.

१०.३०
कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्याकडं टाकला. कॅमेरा डोहात गेला, जाऊ दे. हात धरलाय. गार, पण हात. ओढलं. पाणी सोडत नव्हतं. मी पण नाय सोडलं. शिव्या घातल्या, सगळ्या, काकांच्यापण—
दत्त्या हसला! बत्तीस!

१०.५०
निम्मी वाट चढलो. दम खायला थांबलो. तो कुडकुडतोय, पण बोलला. म्हणला, गोऱ्या, तू येडाय. आत्ता जागेवरच लिहितोय हे, म्हणजे खरं.

वर चिमणाबाई दिसती.
तिच्याजवळ कोणीतरी उभं. काका? नाय. लंगडत नाय.
माझा शर्ट. गळ्यात कॅमेरा. ओला.
ती त्याला बघून उठली. त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तिला वाटलं मी—
चिमणामावशी, तो मी नाय! ओरडतोय. पाणी ऐकू जाऊ देत नाय—
तो वाकला. माझा धोंडा—
दत्त्या, वर बघू नको. तुझा अजून हाय तिथं. तू चढ. मी खालून ढकल