मधूच्या कोपऱ्यात

९ डिसेंबर १९५१
जिंकला. दहाच्या दहा फेऱ्या, निकाल गुणांवर, पण कुणाला शंका नाही. रेफरीने मधूचा हात वर केला तेव्हा माझेच दोन्ही तळवे सोललेले. इतका वेळ त्याच्या कोपऱ्यात दोरी धरून उभा होतो. त्याच्या डाव्या भुवईला तीन टाके.
हिंदुस्थान-सिलोनचा लाइटवेट चॅम्पियन. घरी आल्यावर आईने आधी डोळ्याखालची सूज पाहिली, मग पट्टा.
म. म्हणतो, "दादा, सहाव्या फेरीत तू काय ओरडलास ते ऐकूच आलं नाही. तुझं तोंड बघून कळलं." मी ओरडलो होतो, "पोटावर मार." त्याने पोटावरच मारले.

१० डिसेंबर
कचेरीत गेलो तर बडेबाबू खुर्चीवरून उठले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. गार्डन रीचच्या आमच्या सगळ्या रेल्वे कचेरीत आज माझं नाव "चॅम्पियनेर दादा," चॅम्पियनचा भाऊ. आवडलं. इथे खोटं लिहून काय मिळणार. आवडलं.

२३ डिसेंबर
मराठी मंडळींकडून बालीगंजला सत्कार. अध्यक्ष आपल्या मल्लविद्येच्या परंपरेवर पाऊण तास. म. माझ्या कानात, "ह्यांना सांग ना, मी कुस्ती खेळत नाही." म.ने श्रीखंडाच्या दोन वाट्या हाणल्या. उद्यापासून वजन उतरवायचं.
म.च्या बायकोला, कुसुमला, पुढच्या रांगेत बसवलं होतं. लग्नाला आठ महिने, नागपूरहून आलेली पोर, बंगाली एक अक्षर कळत नाही. परतताना ट्राममध्ये म.ने सगळ्यांदेखत हार तिच्या गळ्यात घातला. ती लाजून लाल. आई खिडकीबाहेर बघत हसत होती.
बाबा हवे होते.

१७ फेब्रुवारी १९५२
पट्टा राखला. मद्रासचा मुलगा, फार नाव नाही. पण म.ने नको तितकं अंगावर घेतलं. पूर्वी ठोसा यायच्या आधी त्याचं डोकं सरकायचं. आता येऊन गेल्यावर सरकतं.
त्याला बोललो नाही. जिंकलेल्या माणसाला काय बोलणार.

३ एप्रिल
कु. स्वयंपाकघराच्या दारात उभी. एरवी माझ्याशी चार शब्द बोलत नाही.
"भावजी, हे काल खिदिरपूरच्या ट्राम डेपोपाशी उभे होते. तासभर. शेजारच्या घोषबाबूंनी घरी आणून सोडलं."
"कुणाची वाट बघत होता?"
"कुणाची नाही. घराकडचा रस्ता कुठला, ते आठवत नव्हतं म्हणे."
त्या डेपोपासून आमच्या क्वार्टरपर्यंत म. वयाच्या सातव्या वर्षापासून चालतोय. त्याला विचारलं. हसला. "ऊन लागलं असेल रे." मीही कु.ला तेच सांगितलं. ऊन होतंच.

८ एप्रिल
सकाळी सराव पाहिला. दोरीवरच्या हजार उड्या, श्वास लागला नाही. डावा हात सापासारखा. मग बरं.

१४ सप्टेंबर
पेरेरा येऊन गेला. लढती ठरवणारा तोच. हिवाळ्यात पट्ट्याच्या लढतीला सिलोनचा एक मुलगा आणतो म्हणतो, एकवीस वर्षांचा, आजवर हरलेला नाही. म. अठ्ठावीसचा. व्हरांड्यात मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझा भाऊ ठीक आहे ना? फिट?"
ट्राम डेपोचं सांगता आलं असतं. जिभेवर होतं.
"फर्स्ट क्लास," म्हटलं.

८ डिसेंबर
हॉस्पिटलच्या बाकावर लिहितोय. जसं झालं तसं.
पहिल्या चार फेऱ्या बरोबरीच्या. पाचवीत त्या मुलाला अंतर सापडलं. सहावीत म. खाली. आठच्या मोजणीला उठला. कोपऱ्यात आला, मी पाणी मारलं, नाकपुड्या पुसल्या.
"कितवी?"
"सहावी झाली."
नाक पुसेपर्यंत पुन्हा, "कितवी झाली?"
मग तिसऱ्यांदा.
मी म्हटलं, "थांबवू का?"
"थांबवलंस तर मला भाऊ नाही." हे इतकं स्पष्ट बोलला की वाटलं, डोकं ठिकाणावर आहे.
असं वाटलं नव्हतं. वाटून घेतलं.
आठव्या फेरीत पडला. हात पुढे न करता, कापलेलं झाड पडतं तसा. वीस मिनिटं डोळे उघडले नाहीत. सिलोनचा मुलगा रिंगमध्येच गुडघ्यावर बसून रडत होता. लोक खुर्च्यांवर उभे राहून बघत होते.

९ डिसेंबर
डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, कामावर नाही गेलात?"
बाबांना जाऊन चार वर्षं झाली.

१२ डिसेंबर
आज मला ओळखलं. कु.लाही. आईला पहिल्या दिवसापासून ओळखतो.
डॉक्टर तरुण आहे. त्याने मला बाहेर बोलावलं. "आप भाई हैं?"
"जी."
"और कॉर्नर में भी आप ही थे?"
"जी."
पुढे काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. कागद लिहून दिला: डोक्याला गंभीर इजा, ह्यापुढे बॉक्सिंग कायमचं बंद. दोनदा अधोरेखित.
कागद माझ्या पेटीत ठेवला. घरी "विश्रांती सांगितली आहे" एवढंच.

२ फेब्रुवारी १९५३
म. घरी येऊन महिना झाला. कप दोन्ही हातांनी धरतो. शब्द ओढत बोलतो, झोपेतून उठवल्यासारखा. आई रोज बदाम उगाळून देते. "थकवा आहे. लहानपणी टायफॉइडनंतर असाच झाला होता."
रेल्वेने त्याला माझ्याच कचेरीत, स्टोअरमध्ये बसवलं. सिग्नलचे दिवे द्यायचे, परत घ्यायचे. काल चुकीचे दिवे दिले म्हणून पोऱ्याला बोलावं तसं बोलले त्याला. मी दोन खोल्या पलीकडे होतो. ऐकू येत होतं. उठलो नाही.
बडेबाबू आता मान वर करत नाहीत.

११ जून
कु.च्या मनगटावर निळं. मला दिसलं तसं तिने बांगड्या खाली ओढल्या. आईने जिन्यावरून पडली म्हणून सांगितलं. आमची क्वार्टर तळमजल्यावर.
संध्याकाळी म.ला गंगेच्या घाटावर नेलं. बराच वेळ जहाजं बघत बसला. मग रडला. "मी असं करीन असं वाटलं होतं का तुला? हात आधी जातो, मला मागून कळतं."
थोड्या वेळाने, "दादा, रिंगमध्ये मला सगळं कळतं रे. बाहेरच कळत नाही."


३० ऑगस्ट
पेरेरा पुन्हा. एक सोपी लढत, दुपारच्या वेळी, सिनेमाच्या थिएटरात. समोरचा पस्तिशीचा, पोट सुटलेला. "चेहरा खुलेल त्याचा. देख लेना."
मी हो म्हटलं.
कारणं लिहायला बसलो होतो. म.चा चेहरा हे एक. कु.चं मनगट हे दुसरं. तिसरं हे की नऊ महिन्यांत मला कुणी कुठे हाक मारलेली नाही. तिसरं आधी लिहायला हवं होतं.

२२ नोव्हेंबर
दुसऱ्या फेरीत नॉकआउट. म.चा डावा हात अजून तसाच. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. कोपऱ्यात येऊन मला मिठी मारली, माझे पाय जमिनीवरून सुटले.

१३ डिसेंबर
तीन आठवडे चांगले. शब्द सरळ येतात. आईला कालीघाटला घेऊन गेला, माझ्याशिवाय, ट्रामने, आणि घरीही बरोबर आला. कु. आज काम करताना गुणगुणत होती. मी दारातून आत गेल्यावर थांबली.
तो डॉक्टर तरुण होता. त्यांना काय, पुस्तकातलं तेवढं माहीत.

१० जानेवारी १९५४
सिलोनचा मुलगा पुन्हा येणार. पट्टा परत मिळवायचा. म. रात्रंदिवस हेच. आज बोलता बोलता "सिलोन" शब्द सापडेना. "ते... समुद्राखालचं..." मग माझ्याकडे रागाने बघत राहिला, मीच लपवून ठेवल्यासारखा.

१९ जानेवारी
नव्या वर्षाच्या परवान्याचा अर्ज आला. प्रशिक्षकाने भरायचा. चौथा प्रश्न: पूर्वी डोक्याला गंभीर इजा झाली आहे काय?
आई देवळात. म. सरावाला. कु. आली, ह्या वेळी दारात थांबली नाही, आत येऊन समोर उभी राहिली.
"हे जाणार का पुन्हा?"
"बघू. अजून ठरायचंय."
"कुणी ठरवायचंय? ते तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. आईंचं नाही, माझं तर नाहीच. आणि तुम्ही बोलत नाही."
तीच पुढे म्हणाली, "मला दुखतं त्याचं काही नाही, भावजी. काल त्यांनी मला माझंच नाव विचारलं. गंमत करतात असं वाटून मी हसले. ते हसले नाहीत."

२२ जानेवारी
चौथ्या प्रश्नापुढे "होय" लिहिलं. डॉक्टरचा कागद टाचला. स्वतः जाऊन देऊन आलो. परत येताना पाय हलके असतील असं वाटलं होतं. नव्हते.

५ फेब्रुवारी
परवाना रद्द. पेरेराने घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, कुणाच्या सहीने तेही.
म. उठला. वाटलं, आता मारेल. मारावं असंही वाटलं. मारलं नाही. इतकं सरळ गेल्या कित्येक आठवड्यांत बोलला नव्हता:
"तुला माझी काळजी नव्हती तेव्हा मी चॅम्पियन होतो."
पिशवी भरली. कु. मागे जायला निघाली तर म्हणाला, "तू नको. माझा हात..." आणि वाक्य अर्धं टाकून गेला.
आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि वळते. एकदाच म्हणाली, "परक्या डॉक्टरचं ऐकलंस. भावाचं नाही."
त्या रात्री कोपऱ्यात मी भावाचंच ऐकलं होतं. हे आईला कसं सांगू.

२१ मार्च
घोषबाबूंकडून कळलं. म. खिदिरपूरला राहतो. गोदीमागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये खलाशांसाठी लढती होतात, दर रविवारी दुपारी. तिथे लढतो. परवाना लागत नाही, वजन कुणी करत नाही, डॉक्टर नसतो.
म्हणजे मी त्याला थांबवलं ते डॉक्टर असलेल्या ठिकाणाहून.

२ मे
आज गेलो. पाच रविवार घराबाहेर पडून अर्ध्या वाटेवरून परत आलो होतो, आज आत गेलो.
पत्रा तापलेला. दीड-दोनशे माणसं, घाम, विडीचा धूर. म. एका बाकावर. कुठल्याशा जहाजावरचा भट्टीवाला त्याच्या हातांना पट्ट्या बांधत होता, चुकीच्या, अंगठा मोकळा सोडून. मला राहवलं नाही. त्याला बाजूला केलं, पट्ट्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. म. हातांकडे बघत होता. मग वर पाहिलं.
"दादा, उशीर केलास. तो बघ आधी. कसा आहे?"
भांडण आठवतच नाही त्याला? की आठवतंय आणि...
समोरचा चट्टग्रामचा खलाशी, दांडगा, बॉक्सिंग शिकलेला नाही. दोन मिनिटं पाहिला. डावा मारताना उजवा हात कमरेपर्यंत खाली सोडतो. आंधळ्यालाही दिसेल. म.ला पूर्वी न सांगता दिसलं असतं.
सांगितलं.
सांगितलं नसतं तर जास्त मार खाल्ला असता. सांगितलं म्हणून पाच फेऱ्या टिकला आणि जिंकला. डोक्यावर अकरा ठोसे बसले. कोपऱ्यात उभा राहून मोजले. पाणी मारलं, नाक पुसलं, दोन फेऱ्यांच्या मधे तेच बोललो जे तीन वर्षांपूर्वी बोलत होतो. आणि खरं लिहितो, त्या पाच फेऱ्यांत मला एकदाही भीती वाटली नाही. भीती शेडच्या बाहेर आल्यावर वाटली.
निघताना म.ने खांदा धरला. "पुढच्या रविवारी ये. तू नसलास की मला समोरचा एकच आहे की दोन, ते कळत नाही."

५ मे
कु.ने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. हाताला बामाचा वास. तीन दिवस काही बोलली नाही. आज आई झोपल्यावर विचारलं, "भेटले?"
"हो."
"कसे आहेत?"
"जिंकला."
"कसे आहेत, ते विचारलं मी."
मग सगळं सांगितलं. अकरासुद्धा. शेवटचं वाक्यसुद्धा, एक की दोन. ती उभ्यानेच ऐकत होती.
"रविवारी जाल तेव्हा मला घेऊन चला."
म्हटलं, "ती बायकांची जागा नाही."
"मग तुमची तरी कुठली?"
आज बुधवार. तिला अजून उत्तर दिलेलं नाही. सकाळी म.चे धुतलेले सदरे वाळत होते ते काढून घड्या करून ठेवलेत तिने, पिशवीत. त्याला तिथे नेऊन द्यायला की त्याला घरी आणताना अंगात घालायला, ते मी विचारलं नाही.