हौदातलं नितळ पाणी

३ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या टाइल्सच्या कारखान्यातल्या हौदाची बाटली मिळाली. पाणी आरशासारखं आहे, तुला तपासायला काही उरलं नाही, असं तू ऐटीत लिहिलंस. पण मी खोली अंधारी करून बाटलीतून लेझर सोडला, तर पाण्यात लख्ख रेघ उमटली. शुद्ध पाण्यात ती दिसत नाही. मग आमच्या यंत्रावर तपासलं. तुझ्या झिलईतल्या जस्ताच्या पांढऱ्या भुकटीचे कण निघाले, इतके बारीक की गाळणीला जुमानत नाहीत. कारखान्यामागच्या तळ्यातल्या माशांच्या पिल्लांना ते बाधतात, दादा. पाणी तळ्यात सोडणं आजच बंद कर. महिनाअखेरीला आमची प्रयोगशाळा तुझ्या कारखान्याची तपासणी करणार आहे, आणि तू माझा भाऊ म्हणून जस्ताचा आकडा कमी लिहिला जाणार नाही.

रागाव, पण लोभ सोडू नकोस.
तुझी धाकटी

१४ मार्च
चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

पत्र वाचून डोकंच फिरलं. वीस वर्षं टाइल्स भाजतोय आणि शेंडेफळ मला पाणी शिकवतंय! तुझ्या वहिनीने सुनावलं, की ती तिचं काम करतेय, तुम्ही तुमचं करा. तळ्याकडचा नळ त्याच दिवशी बंद केला. हौद तुडुंब, कारखाना निम्मा बंद, माणसं तोंडाकडे बघतायत. तुरटी घालून मोटरने घुसळलं. वहिनीने तिच्या शाळेतला फळ्यावर दाखवायचा लेझर आणला; रेघ तशीच. हात टेकले होते. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की तुरटीने कणांचे कापसासारखे पुंजके धरतात आणि मोटरचं पातं ते फोडतं. मग मोटर नुसती मिनिटभर चालवली, पुढे अर्धा तास लाकडी वल्ह्याने अगदी सावकाश ढवळलं. पुंजके फुगले, तळाशी बसले. आता वरच्या पाण्यात रेघ नाही! बाटली पाठवतोय. खरं काय ते कळव.

तुझ्यावर लोभ आहे, नाइलाज आहे.
दादा

२२ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी बाटली मी स्वतः तपासली नाही. नाव न लिहिता नुसता क्रमांक घालून प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडे दिली. तिने दोनदा तपासली. जस्त मर्यादेच्या कितीतरी खाली आहे! तरी दर आठवड्याला बाटली पाठव. गाळ तळ्याकाठी टाकू नकोस. वाळवून पुन्हा झिलईत चालतो का, ते बघ. वहिनीला सांग, पुंजक्यांचं आम्ही पुस्तकात वाचतो, तिने ते डोळ्यांनी पकडलं.

मैत्रिणीने विचारलं, हे पाणी कुणाचं? माझ्या दादाचं, असं मी इतक्या मोठ्याने सांगितलं की पलीकडच्या खोलीतून साहेब डोकावले.

दोघांचा लोभ आहेच, तो वाढता असू दे.
तुझी धाकटी