धबधब्याजवळ कोणालाच ऐकू येत नाही

१९ सप्टेंबर १९६१, मंगळवार

रविवारी सगळ्यांनी धबधब्यावर जायचं. सगळ्यांनी — म्हणजे मीसुद्धा! दादाने दोनदा माझ्याकडे बोट केलं, कारण पहिल्यांदा मी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी उभं आहे की काय.

"तू पन," दादा म्हणाला. "दीड घंट्याची वाट आहे. चढ नाही काही. माय पन येते."

दादा इथे फुलसावंगीच्या शाळेत मास्तर झाला त्याला तीन वर्षं झाली. दर वर्षी धबधब्यावर कोणी ना कोणी जातं. शाळेची पोरं गेली, वहिनी गेली, वहिनीच्या माहेरची माणसं गेली. मी घर राखलं. बहिरीला घर राखायला ठेवायचं! चोर ढोल वाजवत आला तरी मी आपली ज्वारी पाखडत बसेन.

२० सप्टेंबर, बुधवार

आज घरातले बाकीचे चौघं जेवायला बसले होते आणि एकदम सगळे हसले. मी विचारलं, "काय?" वहिनी म्हणाली, "काही नाही."

तेराव्या वर्षी मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. त्याला सोळा वर्षं झाली. ओठ वाचता येतात मला, चांगले येतात. पण लोक ओठ दाखवतील तर ना! खाली मान घालून बोलतात, घास तोंडात ठेवून बोलतात, पाठ करून बोलतात. विचारलं की "काही नाही". दिवसातून दहा वेळा. एवढं सगळं बोलून झाल्यावर काही नाही कसं असेल?

मायचे दात गेले आणि तिचे ओठ आत वळले. तेव्हापासून मला माय कळत नाही. ती बोलते, मी मान हलवते. तिलाही माहीत आहे, मी उगीच हलवते. वहिनीचा आवाज तर मी कधी ऐकलाच नाही. मनातल्या मनात मी तिला एक गोड आवाज देऊन टाकलाय. बाई तेवढी गोड नाही, पण आता दिला तो दिला.

दादाचा मात्र खराखुरा आठवतो. पंधरा वर्षांच्या पोराचा, फुटलेला. आता तो एकतीसचा झाला, मिशी आली, तरी माझ्यासाठी त्याच आवाजात बोलतो.

२३ सप्टेंबर, शनिवार

वहिनी पुऱ्या लाटून राहिली. रव्याचा शिरा उद्या पहाटे. झाडाखाली बसून खायचं तर भाकरी-ठेचा काय वाईट होता? विचारलं. उत्तर लिहायची गरज नाही.

स्वतःचं निळं लुगडंही काढून दिलं मला. "हे नेसा बाई उद्या." जंगलात कोण बघणार आहे, वानरं?

पण खरं सांगू, बरं वाटलं. रात्री पायाच्या भेगांना तेल लावलं.

२४ सप्टेंबर, रविवार

सगळं लिहून काढते. नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी सातला निघालो. विशाखा दादाच्या खांद्यावर — त्याची चार वर्षांची पोरगी, चालेल ती किती! माय काठी टेकत, पण तरतरीत. आधी बैलगाडीची वाट, मग सागाचं जंगल. सागाला मोहर आलाय, पांढरी भुकटी पडत होती लुगड्यावर. वाट अरुंद झाली तसे सगळे एकामागे एक चालू लागले आणि मी शेवटी. पुढच्यांच्या नुसत्या पाठी. पाठींना ओठ नसतात. सगळे हातवारे करत बोलत होते, एकदा दादाची पाठ हसली. मी झाडं बघत चालले. मला वाटलं, घरी ज्वारी पाखडताना तरी एवढं एकटं वाटत नाही.

नाल्याजवळ फकिरामामा भेटले. वहिनीचे मामा, जवळच्याच खेड्यातले. म्हणे सहज आले होते! बरोबर त्यांच्या ओळखीचा एक माणूस, श्रावण नावाचा. दारव्ह्याला कापसाच्या जिनात कामाला आहे. पस्तिशीचा असेल. बायको जाऊन तीन वर्षं झाली, हे वहिनीने वाटेतच मला खाणाखुणा करून सांगितलं. मला कशाला सांगते, तेव्हा कळलं नाही.

मग धबधबा. फार उंच नाही, दोन पुरुष असेल. पण पाणी काय! आधी तळपायांना कळला, मग छातीत थरथरायला लागलं. सोळा वर्षांत एवढं मोठं काही मी ऐकलं नव्हतं — ऐकलंच म्हणते, दुसरा शब्द नाही.

आणि गंमत! कोणालाच काही ऐकू येईना. मामांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या ओरडून ओरडून, दादा कानाला हात लावून "काय? काय?" वहिनी मीठ मागत होती, माय तिला पाण्याचा तांब्या देत होती! मी मीठ दिलं. मामांना काय हवं ते दादाला खुणांनी सांगितलं, दादाचं मामांना. सगळे माझ्याकडे बघू लागले. बोलायच्या आधी माझ्यासमोर तोंड करू लागले! अर्धा घंटा मी त्या सगळ्यांची वकील होते. विशाखा टाळ्या पिटत होती. मी इतकी हसले की पोटात दुखलं.

श्रावणराव समोरच्या दगडावर बसले होते. ते ओरडत नव्हते. नुसते ओठ हलवत होते, सावकाश, एकेक शब्द सुटा. "पानी लई थंड आहे," म्हणाले. मीही नुसते ओठ हलवून म्हटलं, "पाय काढा मंग बाहेर." ते हसले. म्हणाले, "जिनात आमी असंच बोलतो. यंत्र सुरू झालं की सहा महिने कोनाचं कोनाले ऐकू येत नाही. भांडनं पन अशीच करतो." आणि भांडण करून दाखवलं, आवाज न करता! इतके स्वच्छ ओठ मी आजवर पाहिले नाहीत. छापल्यासारखे.

मुलगी आहे त्यांना, नऊ वर्षांची. आजीजवळ असते. वेणी घालता येत नाही म्हणून तिचे केस कापून टाकले, हे सांगताना त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "केस वाढतात."

तेवढ्यात माझी नजर पलीकडे गेली. दादा वहिनीला सांगत होता. लांब होता, पण मला दिसलं, अक्षर न् अक्षर दिसलं —

"इथं कोनालेच ऐकू येत नाही. म्हनून तर त्यायले इथं बलावलं."

वहिनीने आमच्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

पुऱ्या! निळं लुगडं! सहज भेटलेले मामा!

दोन वर्षांपूर्वी मला शेवटचं बघायला आले होते. पाट मांडून बसवलं होतं. मुलाच्या मावशीने मागून येऊन माझ्या डोक्यामागे पितळेची परात आपटली. मी हललेच नाही, मला काय माहीत! समोरचे सगळे दचकले, मग माझ्याकडे बघून हसले. मग तो मुलगा माझ्या कानाला तोंड लावून ओरडला. कान ओला झाला माझा. त्या दिवशी मी दादाला सांगितलं होतं, यापुढे कोणासमोर बसणार नाही. मेले तरी नाही.

म्हणून यावेळी विचारलंच नाही. आणि माल खपवायला जागा कशी शोधली! पाण्याच्या आवाजात माझं बहिरेपण लपवायचं, हळद लागली की मग त्यांचं ते बघतील. वाहवा रे मास्तर!

मी उठले. श्रावणरावांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, तोंड भरून म्हटलं, "मले ऐकू येत नाही. इथंच नाही, घरी पन नाही. तेराव्या वर्षापासून नाही. तुमाले फसवून राह्यले हे लोक."

सांगितलं आणि तोंड फिरवलं. त्यांचा चेहरा कशाला बघायचा? बघायला आलेल्या दोघांचे चेहरे बघून झालेत आधी.

परतीच्या वाटेवर मी सगळ्यांच्या पुढे चालले. पुढे चाललं की कोणाचेच ओठ दिसत नाहीत. शिरा तसाच डब्यात राहिला.

२५ सप्टेंबर, सोमवार

दादा सकाळी माझ्यासमोर येऊन बसला. "मथुरे, आयक —" एवढं दिसलं. मी डोळे मिटून घेतले.

हे एक माझ्या हातात आहे. कानवाल्यांना कान बंद करता येत नाहीत, मला मात्र डोळे मिटले की जगातलं कोणी काही सांगू शकत नाही. त्याने खांदा हलवला. मी घट्ट मिटून बसले. उघडले तेव्हा तो शाळेत गेला होता.

२६ सप्टेंबर, मंगळवार

वहिनीनेही करून बघितलं. "तुमी समजता तसं नाही बाई —" मिटले.

माय चुलीपाशी बसून बराच वेळ बोलत होती. डोळे उघडे ठेवले तिच्यासाठी. पण कळलं काहीच नाही. मान हलवली.

१ ऑक्टोबर, रविवार

सकाळी घरात वंदना झाली. पाच वर्षांपूर्वी नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तेव्हापासून एक रविवार चुकला नाही. दादा म्हणतो आणि आम्ही त्याच्यामागे — मी त्याच्या ओठांवरून म्हणते. आज चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे रोखून बघितलं. त्याचे ओठ थांबले. मग म्हणाला तो पुढे.

दुपारी त्याने माझ्या उशाला चिठ्ठी ठेवली. घडी घातलेली, शाळेच्या वहीचा कागद. लहानपणी, ताप गेल्यावर, तो मला सगळं पाटीवर लिहून दाखवायचा. कोण काय म्हणालं, बाहेर कोण भांडतंय, कोंबडा आरवला का. लग्न झाल्यावर बंद झालं. आता गरज पडली तेव्हा बरी आठवली लिहायची!

न उघडता चुलीत घातली. तो दारातून बघत होता. बघू दे.

८ ऑक्टोबर, रविवार

घरात आता कोणी मला काही सांगायला येत नाही. "काही नाही" सुद्धा म्हणत नाहीत. मी हेच मागितलं होतं ना?

विशाखा तेवढी येते. आज दोन्ही हात वरून खाली आणून धबधबा करून दाखवला, मग माझ्याकडे आणि बाहेर बोट — पुन्हा जाऊ? मी नाही म्हटलं. तिने तोंड वाकडं केलं आणि गेली.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

श्रावणरावांकडून काही आलं नाही. येणार नव्हतंच. फसवणूक उघडी पाडणाऱ्या बाईला कोण धन्यवादाचं कार्ड टाकतो?

तरी पोस्टमन मंगळवारी आणि शुक्रवारी येतो तेव्हा मी अंगणात काहीतरी काम काढते. आज तर झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. माणसाने इतकंही मूर्ख असू नये.

त्यांच्या मुलीचे केस आता बोटभर वाढले असतील.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. दादाने पांढरे कपडे घातले, धम्मदीक्षेच्या सभेला महागावला गेला. जाताना माझ्यासमोर थांबला. मी डोळे मिटले नाहीत, खालीही बघितलं नाही. पण त्याने नुसता हात वर केला, निघतो म्हणून.

त्याच्या कानांवरचे केस पांढरे झालेत. कधी झाले?

मी चुकले असेन असं वाटत नाही. खरं तेच बोलले. पण खरं बोलल्यावर बरं वाटतं म्हणतात, ते कधी वाटतं?

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

पाकीट आलं, माझ्या नावाचं! आयुष्यातलं पहिलं. अक्षर मोठं, ओळी चढत्या. श्रावणरावांचं. शेवटचं तेवढं जसंच्या तसं उतरवते.

"...तुमी त्या दिवशी सांगतलं तवा मी म्हनलो होतो की मले मालूम आहे, पन तुमी पाठ केली. तुमच्या भावानं पोळ्याच्या आधीच्या पहिल्या कार्डातच लिहिलं होतं, बहिनीले ऐकू येत नाही, मंजूर असंल तरच या. हे पन लिहिलं होतं की घरात पाटावर बसवून दाखवनार नाही, मागं तिचा अपमान झाला, तो मले अजून सहन होत नाही. धबधब्यावर या. तिथं कोनालेच ऐकू येत नाही, तिथं ती एकटी पडनार नाही. माह्या घरचे तयार आहेत. तुमची मर्जी काय ते तुमी सोता लिहा."

श्रावणरावांना उत्तर उद्या.

शाळा सुटायला अजून दोन घंटे आहेत. मी शाळेत चालले. वर्ग चालू असला तर असू दे.