दम धर

पेडगाव,
१४ नोव्हेंबर

प्रिय मंजे,

कशी आहेस? आम्ही सगळे मजेत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र कडूमावशीच्या पिशवीत घालून वालूरला पाठवतेय. मामाकडे करमतं का? तुमची शेळी व्यायली, दोन पिल्लं झाली. एक अगदी तुझ्यासारखं हट्टी आहे.

सॉफ्टबॉलच्या मॅडम अजून चिंचोके फेकून काठीनं मारायला लावतात. "लांब मारायचा न्हाई गं, नुसता टेकवायचा!" शंभरातले माझे नव्वद लागतात आता. चिंचोक्याला कोण भितं?

जिल्ह्याच्या फायनलचं लिहायचं नव्हतं. लिहिते. आपल्याला एक रन हवा होता. तिसऱ्या बेसवर तू, बॅट माझ्या हातात, दोन स्ट्राइक झालेले, तिसरा झाला की आउट. चेंडू नुसता टेकवला असता तरी तू धावत होम बेसवर पोचली असतीस. तू ओरडलीस, "रेणे, दम धर!" चेंडू मधोमध आला आणि मी खांबासारखी उभी राहिले. आउट. हरलो.

सगळ्या अंगावर धावून आल्या तेव्हा मी म्हणाले, "मंजीच थांब म्हणली, म्हणून सोडला." सगळ्यांना पटलं. दम धर म्हणजे थांब असंही होतंच की. तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. मॅडमनी विभागाला जाणाऱ्या जिल्ह्याच्या निवड संघातून तुझं नाव काढलं आणि तुझ्या आण्णांनी खेळ बंद करून तुला वालूरला धाडलं.

मंजे, मला अर्थ बरोबर कळला होता. श्वास घे, नजर चेंडूवर ठेव. आपण दोघींनीच ठरवला होता ना तो! पण चेंडू टाकणाऱ्या पोरीचा हात गरकन फिरला आणि माझे डोळेच मिटले. बरगडीला चेंडू लागल्यापासून मिटतात. भित्री मी, आणि बोल तुला लावला. लाज वाटते गं.

काल मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी संघाची यादी काढली. मग म्हणाल्या, "यादी सोमवारी जायलीय. तिला घ्यायचं तर एक नाव कमी करावं लागतंय."

"माझं करा," मी म्हणाले. घरी येऊन खूप रडले.

आण्णांनाही सांगितलंय. ते म्हणाले, "येऊ दे तिला." सोमवारी सकाळी सातला मैदानावर ये. सरावाला चेंडू मी टाकीन. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

डोळे उघडे ठेवून तुझी वाट बघणारी,
रेणुका