अंगठा बाहेर

मंगळवार, संध्याकाळ, वसमत

डायरेक्ट ड्राइव्ह स्टीअरिंग आज मागवणारच होतो. कॉम्प्युटरवर रेसिंग खेळतो मी, पण हे माझ्या वडिलांसाठी, अण्णांसाठी. त्यांचा जन्म बस चालवण्यात गेला. माझं जुनं, पट्ट्यावर फिरणारं गेमचं स्टीअरिंग फिरवून म्हणाले होते, "हाताला रस्ताच लागत न्हाई लेका." नव्यात मोटर थेट स्टीअरिंगला जोडलेली, गेममधल्या खड्ड्याचा झटका मनगटापर्यंत येतो म्हणे. कमी ताकदीच्या मोटरचं घ्यावं की जास्त, एवढंच ठरत नव्हतं.

मग त्याच्यासोबतची सूचना वाचली. अंगठे चाकाच्या आत घालून धरू नका, झटक्यानं मोडतील. हसूच आलं. मला ट्रॅक्टर शिकवताना अण्णा हेच ओरडायचे, "अंगठा बाहेर." त्यांचा स्वतःचा डावा अंगठा अशाच झटक्यानं वाकडा झालाय.

तरी खात्री करावी म्हणून त्यांना जुन्यावर बसवलं. खुशीत बसले, बस घेऊन हट्टा गावाच्या रस्त्याला लागल्यासारखे. दोन्ही अंगठे आत.

म्हटलं, "अण्णा, अंगठा."

"काहून? अंगठ्याला काय झालं?"

खरंच विचारत होते.

कमी का जास्त, आता सुचत न्हाई. कधीपासून विसरून राहिले असतील? आणि परवाच तर मी त्यांना ट्रॅक्टर घेऊन एकट्याला शेतात पाठवलं.