रॉक मेलं त्या चाळीस सेकंदांबद्दल

तीर्थस्वरूप भाऊजी,

साष्टांग नमस्कार. (गुडघे हल्ली वाकत नाहीत, तेव्हा आठांपैकी सहा अंगांचा समजून घ्या; उरलेली दोन अंगं भेटीत.) तुमची प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, कारण ताईकडून मला दर बुधवारी सविस्तर बातम्या मिळतात. पाठ बरी, झोप उत्तम, शिट्टी वाजवून वाजवून दुसरी किटलीही जळाली. गिटारच्या तारा तुम्ही या वर्षात पाचव्यांदा बदलल्यात आणि हल्लीच्या तारांत पूर्वीची चमक नाही म्हणून गिटार कपाटावर टाकून दिलीत, हेही कळलं. तारा बनवणाऱ्या कंपनीला तुम्ही लिहिलेलं खरमरीत पत्र ताईने मला फोनवर वाचून दाखवलं. भाषा झकास आहे. अजून टाकलं नसेल तर आठवडाभर थांबा, एवढंच सांगतो.

फोन सोडून हा माणूस पत्र का लिहीत बसलाय, असं तुम्हाला वाटेल. गेल्या तीन फोनमध्ये मी तुम्हाला एक गोष्ट सांगायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तुम्ही "हो हो, इकडेही तसंच" म्हणून फोन ताईच्या हातात दिलात. शिवाय विषय तुमच्या जिव्हाळ्याचा आहे. रॉक संगीत मेलं की जिवंत आहे?

तुमचं मत मला तोंडपाठ आहे. गेली सहा-सात वर्षं घरातल्या प्रत्येक जेवणात, ताटं अर्धी रिकामी झाली की तुम्ही खुर्ची मागे सरकवता आणि रॉकचा मृत्यू जाहीर करता. पुरावे तीन. हल्ली सिंबलची झांज कुणी वाजवत नाही, नुसतं ढबढब चालतं. गाणारे तोंडातल्या तोंडात बोलतात, शब्दाला टोक म्हणून नाही. आणि लीड गिटार संपली. गाण्याच्या मध्यावर जिथे गिटारने छप्पर उडवायचं तिथे ही मुलं गप्प बसतात. मी दर वेळी मान डोलावत आलो. ड्रमरने लीड गिटारशी वाद घालायचा नसतो ही शिस्त तुम्हीच मला आपल्या 'ज्वालामुखी'त लावलीत. (ज्वालामुखी खऱ्या अर्थाने पेटला तो एकदाच, भर दुपारी, आणि अख्ख्या इमारतीचा फ्यूज उडाला. तुम्ही फ्यूजची तार मागायला म्हणून आमच्या स्वयंपाकघरात गेलात आणि ताईशी लग्न ठरवूनच बाहेर आलात. आपल्या बँडचा यशस्वी दौरा म्हणाल तर तेवढाच.)

आता महिन्यापूर्वीच्या त्या रविवाराकडे येतो. माझ्या धाकट्या लेकीच्या बँडचा कार्यक्रम, वाचनालयाचा हॉल, चाळीस खुर्च्या. बँडचं नाव 'जाताना पंखा बंद करा'. (हे नाव तिने माझ्या दुकानातल्या पाटीवरून उचललंय. मला वाटलं ती पाटी वाचते आहे, म्हणून आनंद झाला होता. पंखा अजूनही चालूच असतो.) तिसऱ्या गाण्यात सगळं एकाएकी थांबलं. ड्रमवर बसलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई काठ्या मांडीवर ठेवून बसल्या, धाकटी डोळे मिटून उभी. दहा सेकंद गेले, पंधरा गेले. तुम्हाला वाटलं गाणं संपलं, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तुम्ही वाजवल्यात म्हणून मीही वाजवल्या, कारण तुम्ही थांबलात की थांबायचं आणि सुरू झालात की सुरू व्हायचं ही माझी चाळीस वर्षांची सवय. बाकी हॉल आपल्याकडे बघत होता. मग तुम्ही उठलात आणि तुमच्या हल्लीच्या आवाजात, जो रस्त्यापलीकडच्या न्हाव्यालाही ऐकू गेला असेल, म्हणालात, "संपलं! यांच्याकडे वाजवण्यासारखं काही उरलेलंच नाही." आणि निघून गेलात. ताई तुमची छत्री आणि स्वतःची पर्स सांभाळत मागोमाग गेली.

धाकटीने घरी येऊन गिटार पेटीत बंद केली. तुम्ही तिला ओळखता, ती गिटार पेटीत ठेवते तेव्हाच काळजी करायची. तिने नऊ वर्षांची असताना पहिली तार तुमच्याकडून बदलून घेतली, बोटं सोलवटली तेव्हा रडायला तुमच्याकडे आली, माझ्याकडे नाही. (माझं म्हणणं होतं की ड्रम शिक, बोटं सोलत नाहीत.) आतोबांना माझं वाजवणं सहनच होत नाही, एवढंच ती तिच्या आईला म्हणाली. आणि पुढच्या कार्यक्रमातून ते चाळीस सेकंद कापून टाकायचे असं तिने ठरवलं.

कुठून कापायचं हे ठरवायला मंगळवारी त्या दोघी दुकानामागच्या खोलीत रेकॉर्डिंग लावून बसल्या. त्याच खोलीत मी गिऱ्हाइकांच्या श्रवणयंत्रांसाठी घेतलेले कानाचे साचे वाळत घालतो, त्यामुळे मीही होतो. गाणं त्या जागेवर आलं आणि स्पीकर गप्प झाला. पण मशीनवरचे हिरवे दिवे मात्र नाचत होते, चांगले वरपर्यंत. मी म्हटलं, वायर सैल आहे. उठून वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. दिवे नाचतायत, आवाज नाही. मग स्पीकरला एक चापट दिली. मग पेचकस आणला. डॉक्टरीणबाईंनी अतिशय अदबीने (भूल द्यायच्या आधी बोलतात तशा स्वरात) विचारलं, काका, काय शोधताय? मी म्हटलं, आवाज गेलाय. त्यांनी धाकटीकडे बघितलं आणि धाकटीने माझ्याकडे बघितलं. भाऊजी, तो बघण्याचा प्रकार मला चांगला माहीत आहे. गेली बावीस वर्षं मी काउंटरच्या अलीकडून गिऱ्हाइकांकडे तसाच बघत आलोय.

तिने मला माझ्याच तपासणीच्या खोलीत बसवलं. माझाच हेडफोन माझ्याच कानांवर चढवला, माझंच बटण हातात दिलं आणि मी रोज म्हणतो ती वाक्यं मला म्हणून दाखवली: आवाज ऐकू आला की दाबा, अंदाज करू नका. मी काचेतून तिचा कोपर हलताना बघून बटण दाबत होतो. (सगळे हेच करतात. मी सगळ्यांना पकडतो.) तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग मी मनातल्या मनात ताल धरला आणि तालावर दाबत राहिलो. छान जमलं असं मला वाटत होतं. नंतर कळलं की मधली दोन मिनिटं ती चहा घ्यायला बाहेर गेली होती आणि मी इकडे एकही ठोका न चुकवता दाबत होतो. निकालाचा कागद निघाला तर त्यावरची रेघ डावीकडे ठीक आणि उजवीकडे घसरगुंडी. म्हणजे जाड आवाज शाबूत, बारीक, उंच पट्टीचे आवाज गेले. सिंबल बारीक आवाजात येतं. 'स' आणि 'श', म्हणजे शब्दाचं टोक, बारीक आवाजात येतं. नव्या तारेची चमकही तिथलीच, किटलीची शिट्टीही. मी त्या कागदाकडे बघत बसलो आणि मला तुमचे ते तीन पुरावे एकापाठोपाठ एक आठवायला लागले. हे निदान मी दिवसातून चार वेळा करतो, भाऊजी, आणि जेवणाच्या टेबलावर सात वर्षं माझ्यासमोर बसलेलं मला दिसलं नाही. रॉकच मेलं म्हणून मी मान डोलावत राहिलो.

आणि त्या चाळीस सेकंदांत काय होतं म्हणाल, तर तुमची चाल. गच्चीवर बसून तुम्ही बसवलेला तो लीडचा तुकडा, जो तुम्ही धाकटीला शिकवला होता. तिने तो गिटारवर घेतला नाही. माझ्या तपासणीच्या मशीनमधले सगळ्यात बारीक आवाज रेकॉर्ड करून, वर-खाली करून, त्यांत ती चाल बसवली. बाबांच्या दुकानाचा आवाज आणि आतोबांची चाल, असं तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं. आपल्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता तिला. काय सुंदर तुकडा झालाय म्हणून सांगू! अगदी नाजूक, काचेवर काच टेकल्यासारखा, आणि तिसऱ्या फेरीत तुमची ती जुनी कलाटणी जशीच्या तशी. सगळा हॉल श्वास रोखून ऐकत होता आणि आपण दोघं टाळ्या पिटत होतो. त्या रात्री मला वाईट वाटलं नव्हतं, मंगळवारी वाटलं. फार वाटलं.

तेव्हा रॉकबद्दल माझं मत आता असं. त्यांचं सगळं मला आवडतं असं नाही. एक गाणं मधेच बंद पडलेल्या कपडे धुण्याच्या मशीनवर आहे आणि त्यात सात मात्रा आहेत; सातव्या मात्रेनंतर पाय कुठे ठेवायचा मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरीणबाई अर्धे ड्रम हाताने वाजवतात, अर्धे एका डबीतून येतात. आपण असं केलं असतं का? पण आपल्याकडे डबी नव्हती, म्हणून तो प्रश्नच नाही. चिडचिड तीच आहे, हट्ट तोच आहे आणि वरच्या मजल्यावरच्या बाई दाराखालून चिठ्ठ्याही तशाच सरकवतात. मेलेल्या गोष्टीबद्दल कुणी चिठ्ठ्या लिहीत नाही. आमचे बाबा म्हणायचे की हे संगीत नव्हे, ही पातेली पडतायत. ते तेव्हा आपल्या आत्ताच्या वयाचे होते आणि त्यांचे कान कधी कुणी तपासले नाहीत. आपलं अर्धं वाजवणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नसेल, असं आता मला राहून राहून वाटतं.

असो. हे सगळं केवळ तुमच्या माहितीसाठी कळवलं. तुम्ही काही करावं असा माझा मुळीच आग्रह नाही. ताईला नमस्कार, आणि नवी किटली शिट्टीऐवजी दिव्याची घ्या म्हणावं.

तुमचा मेहुणा,
ड्रम्स

ता. क. शनिवारी अकराला तपासणीची खोली तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. ताई तुम्हाला नवीन तारा बघायला जायचंय असं सांगून आणणार आहे. तिला खोटं बोलायचा सराव नाही, तेव्हा पटल्यासारखं करा. तपासून त्याच दिवशी यंत्र कानामागे बसवता येतं.

ता. क. २. रविवारी चारला त्याच हॉलमध्ये कार्यक्रम आहे. ते चाळीस सेकंद अजून कापलेले नाहीत. शनिवारी संध्याकाळपर्यंत थांब, असं मी धाकटीकडून कबूल करून घेतलंय. का थांबायचं ते तिला सांगितलेलं नाही. ते तुम्ही येऊन सांगा.

ता. क. ३. हे लिहिणार नव्हतो. माझं यंत्र तयार होऊन दहा दिवस झाले आणि ते अजून ड्रॉवरमध्येच आहे. शेकडो लोकांना मी आरशासमोर उभं करून "काही दिसत नाही हो" म्हणत आलोय, आणि स्वतःच्या कानाला लावायला माझा हात वर जात नाही. म्हणजे तो तुकडा मीही अजून ऐकलेला नाही. वर जे वर्णन केलंय ते हिरव्या दिव्यांवरून आणि धाकटीने गुणगुणून दाखवलं त्यावरून. आपण लेदरची जाकिटं एकाच दिवशी घातली होती, आठवतं? एकट्याने ते घालून रस्त्यावर जायची तुमची हिंमत होत नव्हती, म्हणून मी आलो होतो. शनिवारी तुम्ही या.